तिरफळाची खाट

आमच्या सासरी कुत्रा कायम असायचा, पण उंबऱ्याच्या बाहेर. पडवीत गोणपाटावर झोपायचं, उरलेला भात नि माशाची डोकी खायची आणि रात्री खळ्यात कोणी पाऊल टाकलं की भुंकायचं, एवढं त्याचं काम. सोफ्यावर चढतो का, हा प्रश्नच नव्हता, कारण सोफा नव्हता. ओटीवर झोपाळा, भिंतीला लागून एक बाकडं आणि बाबांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची आरामखुर्ची. चार माणसं जास्त आली की चटई अंथरायची.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. धाकट्या दिराच्या लग्नाच्या निमित्ताने कणकवलीहून टेम्पोतून एक भलामोठा कापडी सोफा आला. आणि त्याच थंडीत वाडीत बिबट्या फिरायला लागला. आम्ही मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहतो; खाली माडाची बागायत, वर काजूची कलमं आणि त्यापलीकडे रान. रानातून उतरणाऱ्या बिबट्याला सगळ्यात सोपी शिकार म्हणजे पडवीत झोपलेला कुत्रा. शेजारच्यांचा कुत्रा एका रात्रीत नाहीसा झाला. सकाळी त्यांच्या खळ्यात ओढत नेल्याची खूण तेवढी दिसली. त्या रात्रीपासून आमचा तिरफळ घरात झोपायला लागला.

तिरफळ हा गावठी, काळा, वर्षाच्या आतबाहेरचा. बांगड्याचं तिखलं (तिरफळ हा मसाला घालून केलेलं माशाचं कालवण) शिजत असलं की स्वयंपाकघराच्या दारातून हलायचा नाही, म्हणून मुलीने हे नाव ठेवलं. पहिल्या काही रात्री तो दाराशी जमिनीवर झोपला. मग एका सकाळी सोफ्याच्या गादीवर काळे केस दिसले आणि मधोमध ऊबदार खड्डा. दुसऱ्या दिवशी तर तो आम्ही उठलो तरी उतरला नाही.

आईंनी (सासूबाईंनी) ताबडतोब जाहीर केलं, "आज सोफ्यार बसयलात, उद्या देवाच्या खोलीत बसया तेका!" मला सोवळ्याओवळ्याचं एवढं काही नाही. मला नको होतं ते वेगळ्या कारणांनी. आमची माती तांबडी, कापडावर एकदा बसली की डाग जन्मभराचा. ओल्या कुत्र्याचा वास समुद्रकाठच्या दमट हवेत कापडातून निघत नाही. आणि सगळ्यात मोठी धास्ती गोचिडीची. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड घरात राहू शकते. रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा फर्निचरच्या सांध्यात शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. चिऱ्यांच्या जुन्या घरात भेगांना काय तोटा? त्यात सोफ्याच्या गादीखालच्या घड्या म्हणजे तिला आयतंच बाळंतघर.

दिराने मुंबईहून फोनवर सल्ला दिला: कुत्रा उंच जागी बसला की स्वतःला घरचा मालक समजायला लागतो, त्याला दाबून खाली ठेवा, मालक कोण ते दाखवा. हा सल्ला गावातही दोघातिघांनी दिला. याचं मूळ लांडग्यांच्या एका जुन्या अभ्यासात आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या पाहून कळपातल्या वरचढपणाबद्दल लिहिलं. ती कल्पना पुढे ज्यांच्या लिखाणातून सगळीकडे पसरली, त्या डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे गादीसाठी भांडण नसतं. आमचा तिरफळ तर लांडगाही नव्हता. त्याला मऊ जागा हवी होती, आणि त्या जागेला आमचा वास होता.

तरी माझ्या नवऱ्याने एकदा मालकी दाखवून पाहिली. पट्ट्याला धरून त्याला खाली ओढायला गेला, तर तिरफळाने ओठ वर करून गुरगुर केली. तोवर तो घरातल्या कोणावर कधी गुरगुरला नव्हता. रेबीजची लस द्यायला त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं तेव्हा मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गुरगुरल्याबद्दल अजिबात मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देता चावतो. पट्टा धरून ओढणंही बंद करा. त्याऐवजी घरात कोणी जागं असेल तेव्हा पट्ट्याला एक हलकी दोरी लावून मोकळी सोडा. तो वर चढला की हात त्याच्या तोंडाजवळ न नेता दोरीचं टोक उचलायचं आणि न बोलता चालायला लागायचं. तो मागोमाग उतरतो. एकटा असताना मात्र दोरी काढून ठेवायची, कुठे अडकली तर फास बसेल. गोचिडीचं औषध लिहून देता देता त्यांनी आणखी एक विचारलं, "वर चढायचं नाही, मग बसायचं कुठे, हे ठरवलंय का तुम्ही?"

ठरवलं नव्हतं. घरी येऊन सोफ्यापासून लांब, दाराच्या मागे एक गोणपाट दुहेरी घडी करून टाकलं आणि ही तुझी जागा असं ठरवलं.

शिमगा झाल्यावर शिकवणी सुरू केली. खाऊ म्हणून सुका जवळा. आमच्याकडे येतो तो बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला. खारा बांगडा कुत्र्याला देऊ नये, मीठ फार असतं. जवळ्याचा फायदा असा की एक चिमूट पुरते आणि वास असा की कुत्रा दुसरीकडे बघत नाही. तोटा तोच. माझ्या गाऊनच्या खिशाला तो वास इतका मुरला की वाडीतली मांजरंही मागे यायला लागली.

आधी "खाली". तो सोफ्यावर असला की मुठीतला जवळा नाकासमोर धरून हात जमिनीकडे न्यायचा, तो उतरला की शब्द म्हणायचा आणि द्यायचा. हे तो दोन दिवसांत शिकला. मग "जाग्यार". गोणपाटावर पाय ठेवला की जवळा, चारही पाय ठेवले की जवळा, बसला की जवळा, आडवा झाला की दोन. मग वेळ वाढवायचा: आधी श्वासभर, मग मी भाजी निवडेपर्यंत. मग अंतर वाढवायचं. मग घरात कोणी चालत असताना. तिन्ही एकदम वाढवले की तो गोंधळायचा आणि उठून यायचा, म्हणून एक वाढवताना बाकीचे दोन सैल ठेवायचे. आणि कोणी लक्ष ठेवायला नसेल तेव्हा सोफ्यावर पाट नि स्टूल उलटे टाकून जागाच बंद.

मे महिना लागेपर्यंत तिरफळ सोफ्याकडे ढुंकूनही बघेनासा झाला. पाहुण्यांसमोर मी त्याला "जाग्यार" म्हणून दाखवायचे. दिराला व्हिडिओ पाठवला. आईसुद्धा म्हणाल्या, "शाणो झालो हां."

आणि मग पाऊस सुरू झाला.

आमच्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण ज्याने इथला पावसाळा घरात बसून काढला नाही त्याला आकड्यावरून काही कळत नाही. लादीला पाझर फुटतो. मीठ बरणीत पाणी होऊन बसतं, चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, धुतलेले कपडे ओटीवरच्या दोऱ्यांवर आंबतात. पहिल्या जोरदार सरीनंतर तिरफळ भिजून आत आला, गोणपाटावर उभा राहिला, खाली नाक लावलं आणि सरळ सोफ्यावर जाऊन गोल झोपला. मी "जाग्यार" म्हटलं. उतरला, गोणपाटावर बसला, जवळा खाल्ला, मी पाठ फिरवताच पुन्हा वर. संध्याकाळपर्यंत हेच.

शेवटी मी गोणपाटावर तळवा टेकवून पाहिला. खालून पाणी लागत होतं.

मेमधल्या यशात उन्हाळ्याचा वाटा मोठा होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी काय त्या पंजांच्या तळव्यांना, बाकी सगळं काम धापा टाकून चालतं. कोकणातल्या उकाड्यात त्याला गार लादीला पोट लावून पडायचं असतं. कापडी सोफा त्याला तेव्हा नकोच होता. पाऊस लागल्यावर गणित उलटलं. आता जमीन ओली आणि घरातली एकच कोरडी, मऊ, उंच जागा म्हणजे सोफा. त्या जागी मी असते तर मीही तिथेच बसले असते.

तेव्हा ठरवलं, की याला कोरडी आणि उंच जागा द्यायची. माळ्यावर फणसाच्या लाकडाचं एक मोडकं बाजलं पडलं होतं. सुताराला बोलावून त्याचे पाय वीतभर ठेवून कापून घेतले आणि चौकट लहान करून घेतली. कोणासाठी, हे कळल्यावर तो हातातली करवत खाली ठेवून हसला. "कुत्र्याक खाट? बरा आसा मेल्याचा!" त्यावर सुंभ विणून घेतलं. सुंभ माडाच्या काथ्याचं. ते भिजलं तरी लवकर कुजत नाही, मधल्या फटींतून वारा खेळतो आणि खाली लादी कितीही ओली असली तरी वर ओल चढत नाही. वर आईंचं जुनं सुती लुगडं चौघडी करून घातलं. लुगडं त्यांनी स्वतः काढून दिलं, अर्थात "माका काय, फाटलेलाच होता" असं म्हणून. अशी दोन लुगडी आलटून पालटून ठेवली. एक खाटेवर, एक चुलीमागच्या दोरीवर वाळत. केसांचं आणि गोचिडीचं संकटही त्यामुळे आटोक्यात आलं, कारण लुगडं गरम पाण्यात उकळता येतं. सोफ्याची गादी कुठे उकळणार?

खाट कुठे ठेवायची यावर मी दोन दिवस घालवले आणि ते वाया गेले नाहीत. दारामागची जागा आमच्या सोयीची होती, त्याच्या नव्हे. सोफ्यावरून त्याला ओटीचं दार, खळं आणि स्वयंपाकघरात जाणारी माणसं असं सगळं एकदम दिसायचं. दारामागून भिंत दिसायची. म्हणून खाट सोफ्याच्या अगदी शेजारी, बाबांच्या आरामखुर्चीच्या अलीकडे लावली. तिथून सगळं दिसतं आणि बाबांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचतो. "जाग्यार" हा शब्द नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागला. कुत्र्यांचं हे असंच असतं, गोणपाटावरचं ज्ञान खाटेवर आपोआप येत नाही. पण यावेळी तो भराभर शिकला.

इथे तिरफळाने मला एक धडा शिकवला. तो खाटेवर मजेत पडलेला असायचा. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की उठायचा, सोफ्यावर चढायचा, माझ्याकडे बघायचा. मी "खाली" म्हणायचे. टुणकन उतरायचा आणि खाऊसाठी तोंड वर. त्याच्या लेखी हा सगळा एकच खेळ होता: चढा, उतरा, जवळा मिळवा. मग उतरण्याचा खाऊ बंद केला. चढला तर दोरी उचलायची, उतरवायचं, बोलायचंही नाही. आणि खाटेवर आपणहून गेला, कोणी न सांगता तिथेच पडून राहिला, तर जाता-येता गुपचूप पंजांमध्ये जवळा टाकायचा, तोंडाने एक अक्षर न काढता. काही दिवस तो जास्तच बिथरला. सोफ्यावर चढून भुंकायचा, एकदा गादी उकरली. हे होणार असं वाचलं होतं. फळ मिळायचं बंद झालं की प्राणी ते वागणं सोडण्याआधी एकदा जोर लावून बघतो. त्या दिवसांत कोणी हार मानून दिलं तर जोर लावल्यावर मिळतं, एवढंच तो शिकतो. कोणी दिलं नाही, आणि हळूहळू ते थांबलं.

म्हणजे मला वाटलं, कोणी दिलं नाही.

बाबा दुपारी जेवून आरामखुर्चीत न बसता कधीकधी सोफ्यावर लवंडतात. पावसाने काळोख केलेला असतो, वीज गेलेली असते, आम्ही बायका मागच्या पडवीत. अशा एका दुपारी मी ओटीवर आले तर सोफ्याच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला तिरफळ, बाबांच्या पायांवर हनुवटी ठेवून. मला पाहून तिरफळ उतरला. बाबा नाही उतरले. "बसांदे गो. पावसात खय जातलो तो?"

"बाबा, त्याची खाट आहे ना."

"आज एक दिवस."

हा एक दिवस आठवड्यातून एखादा असायचा, हे मला नंतर मुलीकडून कळलं. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर प्रयोग करून १९५७ मध्ये हे सविस्तर मांडलं: दर वेळी दाणा मिळणारं कबुतर, दाणा बंद झाला की लवकर चोच मारायचं थांबतं. कधी मिळेल कधी नाही अशी सवय लागलेलं कबुतर मात्र कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतं. बाबांना कबुतरं सांगून उपयोग नव्हता. मी त्यांना वाडीतल्या मटका लावणाऱ्याचं उदाहरण दिलं. त्याचा आकडा रोज लागला असता आणि एक दिवस बंद झाला असता तर त्याने नाद सोडला असता. कधीतरी लागतो म्हणून तर तो घर विकेपर्यंत खेळत राहिला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी ह्येका मटक्याक लावतंय?"

तडजोड अशी झाली की बाबांना त्याच्या शेजारी बसायचं असेल तर त्यांनी आरामखुर्चीत बसायचं आणि पाय खाटेवर ठेवायचे. ही त्यांचीच सूचना. त्यासाठी खाट हातभर पुढे सरकवली. आता दुपारी तिरफळाची हनुवटी पूर्वीसारखीच बाबांच्या पायावर असते, फक्त वीतभर खाली. ओरडून, रागावून बाबांना मी कधीच जिंकले नसते, आणि तसं मला सुनेला बोलताही आलं नसतं.

श्रावणात वेगळीच अडचण आली. आई घरात वशाट शिजवू देत नाहीत आणि जवळ्याची बरणीही मागच्या पडवीत जाते. उकडलेलं रताळं दिलं, तिरफळाने जिभेने बाहेर ढकललं. भाकरीचा तुकडा खाल्ला, पण त्यासाठी खाटेवर पडून राहायची त्याची तयारी नव्हती. शेवटी नारळ खवताना उडालेला ओल्या खोबऱ्याचा तुकडा त्याने पटकावला आणि प्रश्न सुटला. नखाएवढे तुकडे करून ठेवायचे. जास्त दिलं तर पोट बिघडतं, पण तेवढ्याने चालतं. आईंनाही हे मानवलं. पूजेचं खोबरं फोडलं की त्या स्वतःच एक तुकडा खाटेवर टाकायला लागल्या. देवाच्या खोलीचं काय झालं, हे मी त्यांना विचारलं नाही.

खरी परीक्षा चतुर्थीला. मुंबईहून सगळे चाकरमानी, मुलाबाळांसह. घरात पाय ठेवायला जागा नाही, सोफ्यावर दाटीवाटीने माणसं, कोपऱ्यात बॅगा, आणि रात्री भजनं. मृदंग आणि झांजा सुरू झाल्यावर तिरफळ पहिल्या रात्री सोफ्याखाली शिरला, तो पहाटेपर्यंत तिथेच. त्याला ओढून काढायचं नाही आणि शिकवायचंही नाही असं मी ठरवलं. घाबरलेल्या कुत्र्याला काही शिकता येत नाही. दुसऱ्या दिवशी खाट उचलून आतल्या खोलीत नेली, दार लोटून घेतलं, खालीवर लुगडी टाकून आडोसा केला. तिथे तो झोपला. भजनानंतरची उसळ मुलांनी त्याला द्यायचा सपाटा लावला, तेवढं मात्र ओरडून थांबवलं. उसळीत कांदा असतो आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पुतण्याने त्याला सोफ्यावर उचलून मांडीवर घेतलं, फोटो काढले. गौरी-गणपती गेले, चाकरमानी गेले, आणि तिरफळ पुढचे काही दिवस परत सोफ्यावर चढून पाहत होता. पण यावेळी घरातलं कोणीच भुललं नाही, बाबासुद्धा. "जाग्यार रे!" हे आता सगळ्यात जोरात तेच म्हणतात. दिवाळीच्या आत गाडी रुळावर आली.

पूर्ण सुटलाय असं मी म्हणणार नाही. आम्ही सगळे लग्नाकार्याला बाहेर गेलो की परतल्यावर सोफ्याच्या एका टोकाला केस सापडतात. माणसं असताना चढायचं नाही हे त्याला पक्कं कळलंय. माणसं नसतानाचं त्याच्या हिशेबात वेगळं आहे. म्हणून बाहेर जाताना पाट आणि स्टूल सोफ्यावर आजही उलटे पडतात. त्यावरून शिकवणी फसली असं दिराचं मत आहे. मला पाट उलटा टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याच्याशी वाद संपत नाही, म्हणून मी वाद घालत नाही.

झोपाळ्यावर तो कधीच चढला नाही. एकदा पुढचे पाय ठेवले, फळी हलली, तेव्हापासून लांबूनच जातो. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाचं मात्र वेगळं शिकवावं लागलं, कारण सोफा आणि पलंग एकच, हे त्याला मान्य नव्हतं. पण तोवर मला पद्धत कळली होती आणि त्यालाही माझी.

खाटेचं सुंभ आता मधे झोळीसारखं खाली आलंय. बाबांचे पाय आणि तिरफळ असं दुहेरी वजन त्यावर येतं. पावसाआधी ते ओढून पुन्हा विणून घ्यायचंय, आणि आंब्याच्या दिवसांत इथे कामाला माणूस मिळत नाही, म्हणून सुताराला आत्ताच सांगून ठेवलंय. बाबांचं म्हणणं, आता करतोच आहोत तर चौकट जरा रुंद करून घ्यावी.